ऑइल फिल्टर : घट्टपणाचा गैरसमज आणि रबरी रिंगचं काम

घटस्थापना जवळ आली की तुळजापूरच्या रस्त्यांना गाड्यांची रीघ लागते. सोलापूरहून सुमारे ४५ किलोमीटर, धाराशिवहून त्याच्या निम्मं अंतर. शिवाय लातूर, कर्नाटक, तेलंगणातून येणारे भाविक वेगळे. बालाघाटच्या डोंगरावरचं हे गाव. वाटेत घाटाचा चढ, गाडीत घरची सगळी माणसं आणि गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रेंगाळणं. अशा वेळी तापलेल्या इंजिनाला सांभाळतं ते ऑइल. म्हणून निघण्याआधी ऑइल आणि फिल्टर बदलून घेण्याची सवय चांगलीच आहे. मात्र फिल्टर चुकीचा बसला, तर न बदललेल्या फिल्टरपेक्षा तो जास्त घातक ठरतो.

त्याची रचना साधी आहे. पत्र्याच्या डब्यात घड्या घातलेला कागद असतो. ऑइल कडेच्या छोट्या छिद्रांतून आत शिरतं, गाळलं जातं आणि मधल्या मोठ्या छिद्रातून इंजिनाकडे परततं. धावत्या गाडीत या ऑइलचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३ ते ४ किलो असतो. तो दाब बाहेर फुटू न देणारी गोष्ट एकच : डब्याच्या तोंडावरची रबरी रिंग. ती नीट बसली की फिल्टर नीट बसला.

गैरसमज : फिल्टर जितका घट्ट, तितका सुरक्षित.

वस्तुस्थिती : गळती थांबते ती रबर योग्य तेवढं दाबलं गेल्यामुळे. पाना लावून आवळलं की रिंग चेपते, सरकते, कधी फाटते. आट्यांवर ताण येतो आणि पुढच्या वेळी फिल्टर निघत नाही. योग्य पद्धत अशी : फिल्टर हाताने फिरवत न्या, रिंग इंजिनाच्या सपाट भागाला टेकली की तिथून हातानेच साधारण पाऊण फेरा द्या. नेमका किती फेरा, हे बऱ्याच फिल्टरच्या डब्यावर किंवा खोक्यावर छापलेलं असतं. काहींवर १ ते ४ असे आकडे असतात, त्यांवरून फेरा मोजता येतो. पाना काढण्यासाठी आहे, बसवण्यासाठी नाही. सुरुवातीलाच फिल्टर अडखळला तर तो आट्यांत तिरका गेला आहे. जोर न लावता उलटा फिरवून पुन्हा सरळ धरा.

गैरसमज : जुना फिल्टर निघाला म्हणजे त्याची रिंगही निघाली.

वस्तुस्थिती : हीच सर्वांत महाग पडणारी चूक. उष्णतेने कडक झालेली रिंग अनेकदा इंजिनालाच चिकटून राहते. काळ्या, तेलकट पृष्ठभागावर ती सहज दिसत नाही. तिच्यावर नवा फिल्टर चढवला की दोन रिंगा एकावर एक येतात. गाडी जागेवर चालू असताना सगळं ठीक वाटतं. रस्त्यावर वेग वाढला, दाब वाढला की वरची रिंग घसरते आणि काही मिनिटांत इंजिनातलं सगळं ऑइल रस्त्यावर जातं. दाबाचा लाल दिवा लागून गाडी थांबवेपर्यंत बेअरिंग खरवडलेले असू शकतात. म्हणून जुना फिल्टर टाकण्याआधी उलटून बघा. त्याच्यावर रिंग नसेल तर ती इंजिनावर आहे. मग तो भाग स्वच्छ कापडाने पुसून, बोट फिरवून खात्री करा.

गैरसमज : नव्या रिंगला ग्रीस किंवा पॅकिंग चिकटवायचं सोल्यूशन लावलं तर गळती होणार नाही.

वस्तुस्थिती : त्याच इंजिनाच्या स्वच्छ ऑइलचा बोटाने दिलेला पातळ हात पुरतो. कोरडी रिंग आवळताना घासते आणि पिळवटते. सोल्यूशन लावलं तर रिंग कायमची चिकटते आणि त्याचे तुकडे ऑइलच्या वाटेत शिरतात.

गैरसमज : आटे जुळले म्हणजे फिल्टर चालतो.

वस्तुस्थिती : आटे सारखे असूनही रिंगचा व्यास वेगळा असू शकतो, आणि आतल्या झडपाही. कागद चोंदला किंवा ऑइल थंड व घट्ट असलं, तर बायपास झडप उघडते आणि ऑइल न गाळता पुढे जातं, कारण इंजिन कोरडं पडण्यापेक्षा मळकं ऑइल परवडलं. काही गाड्यांत ही झडप फिल्टरमध्ये असते, काहींत इंजिनात. दुसरी झडप इंजिन बंद असताना फिल्टर रिकामा होऊ देत नाही. आडवा बसणाऱ्या फिल्टरमध्ये तिचं महत्त्व मोठं. म्हणून गाडीचं मॉडेल आणि इंजिन सांगून त्याच क्रमांकाचा फिल्टर घ्या.

गैरसमज : घट्ट फिल्टरमध्ये स्क्रू ड्रायव्हर ठोकून फिरवणं ही सोपी युक्ती आहे.

वस्तुस्थिती : पत्रा फाटतो, बूड इंजिनावरच राहतं आणि काम दुप्पट वाढतं. आधी पट्ट्याचा किंवा टोपीसारखा पाना वापरा. इंजिन कोमट असताना काम करा : ऑइल सहज उतरतं आणि हातही भाजत नाही.

गैरसमज : ऑइल लगेच काळं झालं म्हणजे फिल्टर निकामी.

वस्तुस्थिती : डिझेल गाडीत नवं ऑइलही लवकर काळं पडतं. काजळीचे कण इतके बारीक असतात की ते कागदातून पार होतात. त्यांना तरंगत ठेवणं हे ऑइलमधल्या रसायनांचं काम. फिल्टर अडवतो ते धातूचे आणि धुळीचे मोठे कण. त्यामुळे बदलण्याची वेळ रंगावरून नव्हे, गाडीच्या पुस्तिकेवरून ठरवा. धुळीचे रस्ते, चढ, सतत थांबत चालवणं यांसाठी तिथे बहुधा कमी अंतराचं वेगळं वेळापत्रक असतं, आणि मराठवाड्यातल्या बऱ्याच गाड्यांना तेच लागू पडतं. फिल्टर डिझेलने धुऊन पुन्हा वापरू नका. घड्यांत रुतलेले कण निघत नाहीत आणि कागद कमजोर होतो.

बऱ्याच नव्या गाड्यांत डबा नसतो, नुसता कागदी गाभा टोपीखाली बसतो. तिथे टोपी पान्यानेच लावतात, पण किती आवळायची ते बहुधा टोपीवरच लिहिलेलं असतं. गाभ्यासोबत आलेली रबरी रिंगही बदलायची असते.

सगळं बसल्यावर इंजिन चालू करा. लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे; नाही विझला तर लगेच बंद करा. दोन-तीन मिनिटांनी खाली वाकून गळती बघा. मग इंजिन बंद करून सपाट जागी थोडं थांबा आणि डिपस्टिकवर पातळी तपासा, कारण नवा फिल्टरही थोडं ऑइल पितो.

काढलेलं ऑइल गॅरेजमागच्या मातीत ओतू नका. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवं. विहिरी आणि बोअरवर जगणाऱ्या धाराशिव जिल्ह्यात तर ही काळजी जास्तच हवी. जुना फिल्टर रात्रभर निथळू द्या आणि त्यातलं ऑइलही काढलेल्या ऑइलमध्येच जमा करा.

काम गॅरेजात करून घेणार असाल तर मिस्त्रींना दोनच गोष्टी सांगा : जुन्या फिल्टरवरची रिंग दाखवा, आणि नवा फिल्टर हातानेच लावा. जाणता मिस्त्री याचा राग मानणार नाही. तो आधीपासून तसंच करत असतो.