गिट, व्हीपीएन आणि विसरभोळा संशोधक

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला 'पाठभेद' हा शब्द नवा नाही. एकाच ग्रंथाच्या चार प्रती. कुठे ओवी कमी, कुठे शब्द बदललेला. तो कोणी, केव्हा, का बदलला याची नोंद मात्र नकलकाराने क्वचितच ठेवलेली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्यामागेही हाच गोंधळ होता.

संगणकाच्या जगात अशी नोंद ठेवणाऱ्या प्रणालींपैकी आज सर्वाधिक वापरली जाते ती गिट. लिनक्स घडवणारे लिनस टॉरव्हाल्ड्स आधी बिटकीपर ही प्रणाली वापरत. तिची मोफत वापराची सवलत गेल्यावर त्यांनी २००५ साली गिट लिहिली. ती प्रोग्रामरांसाठी होती. पण प्रत्येक बदलाला नाव, तारीख आणि कारण जोडण्याची तिची रीत पाहून मी मोडी बाडांची लिप्यंतरे तिच्यात ठेवू लागलो.

आमची सामायिक प्रत एका संस्थेच्या सर्व्हरवर आहे. तिथे फक्त व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटमधूनच काढलेल्या कूटबद्ध खासगी वाटेने पोहोचता येते. गिटमधले बहुतेक काम आपल्याच संगणकावर होते. बदलाची नोंद करायला, म्हणजे 'कमिट'ला, सर्व्हर लागत नाही. तो लागतो बदल पाठवताना आणि आणताना. नेमक्या त्याच वेळी मी व्हीपीएन जोडायला विसरत असे. रात्री 'पुश' करावे, पडदा बराच वेळ गप्प राहावा, शेवटी संपर्क झाला नाही असा संदेश यावा. उद्या पाठवू म्हणून मी झोपत असे. असे १९ दिवस गेले आणि लॅपटॉपची डिस्क निकामी झाली. नोंदी चोख होत्या, पण सगळ्या त्या डिस्कवरच. बाड तोवर मालकांकडे परत गेले होते. ते पुन्हा हाती येईपर्यंत आठ महिने लोटले.

मग ठरवले, हे काम यंत्राकडेच सोपवायचे. पहिला विचार आला 'हुक'चा. ठरावीक घटनेच्या वेळी गिट आपोआप चालवते ती छोटी स्क्रिप्ट म्हणजे हुक. 'प्री-पुश' नावाचा हुक पाहून मी हुरळलो. पण तो चालतो गिटने सर्व्हरशी बोलून तिथली स्थिती तपासल्यानंतर. दार उघडायचे काम ज्याच्याकडे, तो दारातून आत गेल्यावरच जागा होणार! आणि बदल आणण्याआधी चालणारा तर हुकच नाही.

उपाय एक पायरी खाली सापडला. सर्व्हरचा पत्ता एसएसएच पद्धतीचा असेल, तर गिट जोडणीचे काम एसएसएचकडे सोपवते. एसएसएचच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'मॅच' ही सूचना लिहिता येते: अमुक सर्व्हरकडे जायचे असेल, तर आधी ही स्क्रिप्ट चालव. सूचनेत सर्व्हरचे नाव आधी आणि स्क्रिप्ट नंतर लिहावी. नाहीतर कोणत्याही सर्व्हरकडे जाताना ती चालेल. माझी स्क्रिप्ट प्रथम सर्व्हर हाकेला ओ देतो का ते पाहते. देत असेल तर काहीच करत नाही. नसेल तर व्हीपीएन सुरू करते आणि वाट उघडेपर्यंत थांबते. २० सेकंदांत उघडली नाही, तर स्पष्ट शब्दांत तसे सांगते. आता पुश असो वा पुल, माझ्या स्मरणशक्तीवर काही अवलंबून नाही.

तीन पथ्ये मात्र पाळावीत. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नये. तो किंवा मोबाइलवर येणारा अंक माणसानेच भरावा. व्हीपीएन सुरू करायला संगणकाचे विशेष अधिकार लागत असतील, तर ते त्या एकाच आज्ञेपुरते द्यावेत. आणि शक्य असेल तिथे या वाटेने फक्त संस्थेच्या सर्व्हरचीच ये-जा व्हावी. आपला घरगुती पत्रव्यवहार तिथून नेण्याचे कारण नाही.

आपोआप होणाऱ्या गोष्टीचा खरा धोका ती बंद पडण्यात नाही, गुपचूप बंद पडण्यात आहे. म्हणून लॅपटॉप मिटण्याआधी मी 'गिट स्टेटस' ही आज्ञा देतो. किती कमिट पाठवायच्या राहिल्या ते ती सांगते. एकही राहिलेली नाही, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आता मी दिवा मालवत नाही.