यंत्रांनाही लागतो रेनकोट

२६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्याच वेळी कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटर झाला होता. असे पाणी घरात शिरले की टीव्ही-फ्रिज बंद पडतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पूर आला नाही तरी सांताक्रूझची खारी, दमट हवा यंत्रांचे नुकसान करत असते. आता रक्तदाबाचे यंत्र, ग्लुकोमीटर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरोघरी आले आहेत. त्यामुळे हा प्रश्न तब्येतीचाही झाला आहे.

या यंत्रांच्या पोटात सर्किट बोर्ड असतो. त्यावर तांब्याच्या बारीक रेषा अगदी जवळजवळ असतात. जुहूकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात आणि धुळीसह बोर्डवर बसतात. हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांपुढे गेली की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, तसेच हे. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते. मग धातू गंजतो, दोन रेषांमध्ये धातूचे बारीक तंतू वाढतात आणि अखेर शॉर्टसर्किट होते. त्याआधी यंत्र कधी चालते, कधी अडखळते.

यावर उपाय म्हणजे ‘कन्फॉर्मल कोटिंग’. कारखान्यातच बोर्डवर अॅक्रिलिक, सिलिकॉन किंवा युरेथेनचा पारदर्शक लेप देतात. त्याची जाडी साधारण २५ ते ७५ मायक्रॉन, म्हणजे फार तर केसाएवढी असते. लेपाआधी बोर्ड स्वच्छ आणि कोरडा करावा लागतो. जखम न धुता पट्टी बांधली तर आत पू होतो. इथेही अडकलेले मीठ आतून कुरतडत राहते.

मात्र हा लेप दमट हवेसाठी आहे, बुडण्यासाठी नाही. शिवाय जोडण्या आणि बॅटरीचे संपर्कबिंदू उघडेच ठेवावे लागतात. म्हणूनच शरीरातील खारट द्रवात वर्षानुवर्षे राहणारा पेसमेकर टायटॅनियमच्या डबीत हवाबंद केलेला असतो.

घरी एवढे सांभाळावे. यंत्रे खिडकीजवळ, न्हाणीघराजवळ किंवा जमिनीवर ठेवू नयेत. ग्लुकोमीटर, ऑक्सिमीटर सिलिका जेलच्या पुडीसह झाकणाच्या डब्यात ठेवावेत. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची बाटली लगेच घट्ट बंद करावी. ओल पट्ट्याही बिघडवते. कॉन्सन्ट्रेटरला मोकळी हवा लागते, चालू असताना तो झाकू नये. यंत्रात पाणी गेले तर ‘चालते का बघू’ म्हणून बटण दाबू नये. ते सुकले तरी मीठ आतच राहते. आधी तंत्रज्ञाला दाखवावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे: धाप लागली आहे, घाम फुटला आहे, पण यंत्रावरचा आकडा ठीक दिसतो, अशा वेळी आकड्यावर विसंबू नये. तडक डॉक्टर गाठावा.