बोट न घेता पाण्यावर

दिवाळीच्या सुमारास आमच्या बॉस्टन परिसरात दोन गोष्टी एकदमच दिसू लागतात. झाडांखाली लाल-पिवळ्या पानांचे ढीग, आणि ड्राइव्हवेमध्ये पांढऱ्या प्लास्टिकात घट्ट गुंडाळून ठेवलेल्या बोटी. काहींवर ‘विकणे आहे’ अशी पाटीही असते. मग मंडळातल्या एखाद्या घरात विषय निघतो, ‘आपणही एक बोट घ्यायची का?’

गेल्या वर्षी तो आमच्या घरात निघाला. नवऱ्याच्या मनात 19 फुटी मोटरबोट होती, बारा वर्षांच्या लेकाच्या मनात शिडाची होडी. माझ्या मनात होतं रेवदंड्याला राहणाऱ्या सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि त्यासाठी वर्षात दोनदा काढावी लागणारी तिकिटं. पैसा एकच होता.

म्हणून आधी हिशेब मांडला. समजा, बोट 30,000 डॉलरची. त्यावर मॅसॅच्युसेट्सचा 6.25 टक्के विक्रीकर, म्हणजे 1,875 डॉलर. पुढे दरवर्षी किमतीच्या साधारण 10 टक्के देखभालीला धरावेत, असा इथल्या बोटवाल्यांचा ठोकताळा आहे. विमा, हिवाळ्यातली जागा, थंडीपूर्वी इंजिनाची तयारी, ट्रेलर या सगळ्याचे मिळून 3,000 डॉलर. बोट बंदरातच ठेवायची म्हटलं, तर किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत जागेसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यादी. मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत शनिवार-रविवार येतात जेमतेम वीस वेळा. त्यातून पाऊस, सॉकर, मराठी शाळा, गणपती आणि भारतातून आलेले पाहुणे वजा केले, तर आमच्या वाट्याला दहा दिवस उरत होते. म्हणजे बोटीची किंमत आणि पेट्रोल सोडूनही दिवसाला 300 डॉलर! सासऱ्यांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, “सूनबाई, होडी पाण्यात किती दिवस आणि दारात किती दिवस, ते आधी मोज.”

मोजल्यावर लक्षात आलं, की आम्हाला हवं होतं ते पाणी. आणि पाण्यावर जायला बोट आपल्याच नावावर असावी लागत नाही.

पहिला मार्ग सार्वजनिक नौकानयन संस्थांचा. बॉस्टनमध्ये चार्ल्स नदीकाठी, लाँगफेलो पुलाजवळ ‘कम्युनिटी बोटिंग’ ही संस्था 1946 पासून चालते. सभासद झालं की शिकवणं त्यातच येतं आणि बोटीही संस्थेच्याच. सुरुवात 15 फुटी ‘मर्क्युरी’ या शिडाच्या होडीवर होते. वाऱ्याच्या जोरानुसार हिरवा, पिवळा किंवा लाल झेंडा लागतो आणि ज्याचा जितका सराव, तितक्याच वाऱ्यात त्याला होडी मिळते. 10 ते 18 वर्षांच्या मुलांची उन्हाळी वर्गणी घरच्या उत्पन्नानुसार ठरते, अगदी 1 डॉलरपासून. आमच्या लेकाचा सगळा उन्हाळा तिथेच गेला.

दुसरा मार्ग भाड्याचा. वर्षाकाठी दोन-चारदाच जायचं असेल, तर कयाक किंवा कनू तासावर घ्यावी. चार्ल्सवर केंडल स्क्वेअरलाही त्या मिळतात. मोटरबोटही दिवसाच्या भाड्याने मिळते, पण ती स्वतः चालवायची असेल तर जबाबदारी आपली, म्हणून विम्याचे कागद नीट वाचावेत. आई-वडिलांना घेऊन जाताना मी म्हणेन, कप्तानासकट बोट घ्या. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या कप्तानाकडे कोस्ट गार्डचा परवाना असावा लागतो. तो दाखवायला सांगण्यात संकोच नको.

तिसरा मार्ग बोट क्लबचा. फ्लोरिडात 1989 मध्ये सुरू झालेला ‘फ्रीडम बोट क्लब’ हे त्याचं ठळक उदाहरण. सुरुवातीला प्रवेश शुल्क आणि मग दरमहा वर्गणी. बोट आधी राखून ठेवायची, फिरून आलं की पेट्रोलचे पैसे द्यायचे आणि घरी जायचं. धुणं-पुसणं, दुरुस्ती क्लबकडे. महिन्यातून तीन-चारदा जाणाऱ्याला हे परवडतं. दोनदाच जाणाऱ्याने भाड्याचाच विचार करावा. आणि जुलैतल्या शनिवारी बोट मिळते का, हे सही करण्याआधी जुन्या सभासदांना विचारावं.

चौथा मार्ग भागीदारीचा, तीन-चार घरांनी मिळून एक बोट. ऐकायला भिशीसारखं सोपं वाटतं. पण भिशीत फक्त पैसे फिरतात, इथे वस्तू झिजते. चार जुलैचा शनिवार-रविवार कोणाचा, प्रॉपेलर दगडावर आपटला तर खर्च कोणाचा, एखाद्या कुटुंबाची बदली टेक्सासला झाली तर त्याचा हिस्सा कोण आणि कोणत्या भावाने घेणार, हे सगळं आधी लिहून काढावं. विम्यातही सगळ्यांची नावं हवीत. मैत्री बोटीपेक्षा महाग असते.

पाचवा मार्ग जवळजवळ फुकटचा. उन्हाळ्यात आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी नौका क्लबांच्या हलक्याफुलक्या शर्यती होतात. मालकाकडे बोट असते, पण दोर ओढायला माणसं कमी पडतात. वेळेवर येणाऱ्या आणि सांगितलेलं ऐकणाऱ्या नवख्यालाही तिथे जागा मिळते. आमच्या नवऱ्याची मोटरबोट अशा बुधवारांत विरघळून गेली.

कोकणातही मासेमारीच्या होडीवरच्या खलाशाला मासळीत वाटा मिळतो. होडी त्याची नसते, पण समुद्र त्याला ठाऊक असतो. कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ नौदलाची होती. पुढे 2012-13 मध्ये त्याच नौकेतून अभिलाष टॉमी कुठेही न थांबता जगाला फेरी मारून आले.

कोणताही मार्ग धरा, दोन गोष्टींत तडजोड नको. एक, पोहणं. दुसरी, लाइफ जॅकेट. मॅसॅच्युसेट्समध्ये चालत्या बोटीत बारा वर्षांखालच्या मुलांना ते सक्तीचं आहे, पण आजी-आजोबांच्या अंगावरही असू द्या. वसंतात ऊन छान असलं तरी पाणी बर्फासारखं असतं.

दोन उन्हाळे असे काढूनही दर शनिवारी पाय पाण्याकडेच ओढले, तर बोट जरूर घ्या. तोवर कोणती घ्यायची हेही कळलेलं असेल.

सासऱ्यांचं ऑपरेशन नीट पार पडलं. दर रविवारी फोनवर ते नातवाला शब्द शिकवतात: शीड, डोलकाठी, सुकाणू, नाळ. कम्युनिटी बोटिंगचा हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो. मंडळातल्या कोणाला मुलांना घालायचं असेल, तर संक्रांतीच्या कार्यक्रमात मला जरूर गाठा. आपण चार-पाच घरं मिळून जाऊ, गाड्याही वाटून घेता येतील.