लांबलेली तारीख आणि वेळेवरची तपासणी



प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील उपचार पूर्ण झाले की रुग्णालय निरोप देताना रुग्णाच्या हाती पुढच्या भेटीची तारीख देते. घरात तो कागद देवाच्या फोटोमागे जपून ठेवला जातो, इंदुराहून किंवा बेळगावाहून मुंबईच्या गाडीचे आरक्षण होते, उतरण्याची सोय कोणा भाच्याकडे ठरते. आणि ऐन वेळी निरोप येतो की, गर्दीमुळे ही भेट दोन महिने पुढे गेली आहे. काहींची झोप त्या दिवसापासून उडते. काहींना मात्र हायसे वाटते. आपल्याला आता धोका नाही म्हणूनच तारीख पुढे गेली, असे ते धरून चालतात आणि मग दोन महिन्यांचे वर्ष केव्हा होते ते घरात कोणाच्या ध्यानीही येत नाही. या दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांची मला अधिक चिंता वाटते.

तारखा लांबणे हे काही एखाद्या रुग्णालयाचे वैगुण्य नव्हे. कोविडच्या साथीत, १ मार्च ते ३१ मे २०२० या तीन महिन्यांत, नॅशनल कॅन्सर ग्रिडमधील ४१ केंद्रांत जुन्या रुग्णांच्या फेरभेटी २०१९ च्या त्याच काळाच्या तुलनेत ४६ टक्क्यांनी घटल्या होत्या. ती साथ ओसरली. परंतु मोठी रुग्णालये मोजकी आणि रुग्ण अगणित, ही स्थिती आजही तशीच आहे. तेव्हा तारीख लांबल्यावर आपण काय करावे, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

अशा भेटीत मुख्यतः घडते काय? डॉक्टर विचारपूस करतात, लघवीच्या व शौचाच्या तक्रारी ऐकतात आणि एका रक्ततपासणीचा आकडा पाहतात. या तपासणीला पी. एस. ए. म्हणतात. प्रोस्टेटच्या पेशी एक विशिष्ट प्रथिन तयार करतात आणि त्याचा अंश रक्तात उतरतो. तो किती आहे हे तपासणीत मोजले जाते. अमेरिकेतील औषध नियंत्रण खात्याने १९८६ साली तिला प्रथम मान्यता दिली, ती रोग शोधण्यासाठी नव्हे, तर निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. पहिली काही वर्षे साधारणतः दर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा ही तपासणी सांगतात. तिला मुंबई लागत नाही. रक्त आपल्या गावातही देता येते. म्हणून माझे पहिले सांगणे हे की, डॉक्टरांची भेट लांबली तरी रक्ततपासणी ठरल्या वेळीच करावी. शक्यतो दर वेळी तीच प्रयोगशाळा ठेवावी. कारण निरनिराळ्या यंत्रांवरील आकड्यांत थोडाफार फरक पडतो आणि तो फरक वाढ म्हणून वाचला जाण्याची भीती असते. केसांसाठी वगैरे बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर प्रयोगशाळेला सांगावे, कारण त्या गोळ्यांनी मोजमाप चुकू शकते.

आता एका सापळ्याविषयी. अहवालाच्या कागदावर आकड्याशेजारी ‘सामान्य मर्यादा ० ते ४’ असे छापलेले असते. ही मर्यादा ज्यांची ग्रंथी जागेवर आहे आणि ज्यांच्यावर कसलाही उपचार झालेला नाही, अशा पुरुषांसाठी आहे. शस्त्रक्रियेने संपूर्ण ग्रंथी काढून टाकलेल्या माणसाच्या रक्तातील पी. एस. ए. दीड-दोन महिन्यांत जवळजवळ शून्यावर यावयास हवे. त्याच्या बाबतीत ०.२ हा आकडा दोनदा आला तरी डॉक्टर सावध होतात. असा रुग्ण १.३ चा अहवाल पाहून ‘चारच्या आत आहे’ म्हणून निश्चिंत झाला, तर छापील कागदानेच त्याची फसगत केली असे म्हणावे लागेल. किरणोपचार घेतलेल्यांचा हिशेब निराळा आहे. त्यांची ग्रंथी जागेवरच असते. आकडा सावकाश, वर्ष-दोन वर्षे उतरत जातो, मध्येच थोडा उसळून आपोआप खालीही येतो. उपचारानंतर तो ज्या नीचांकाला पोचला, त्याहून २ ने वाढला म्हणजे रोग परतला असावा असे सामान्यतः मानतात. तेव्हा आपले उपचार कोणते आणि आपला नीचांक कोणता, हे प्रत्येकाने वहीत लिहून ठेवलेच पाहिजे.

आकडा वाढलाच, तर तारखेची वाट पाहण्यात किती धोका आहे? अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर पी. एस. ए. वाढलेल्या ३०४ पुरुषांची हकीकत आहे. त्या वाढीपासून रोग अन्यत्र पसरलेला दिसेपर्यंतचा मध्यम काळ आठ वर्षांचा होता. या रोगाची चाल पुष्कळदा अशी संथ असते, म्हणून चार-सहा आठवड्यांच्या विलंबाने सहसा काही बिघडत नाही. परंतु ‘मध्यम’ या शब्दाचा अर्थ विसरू नये: कित्येकांच्या बाबतीत तो काळ याहून पुष्कळ कमी होता. आकडा दुप्पट व्हायला दोन वर्षे लागतात की तीन महिने, यावर सारे अवलंबून असते. शिवाय शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार द्यावयाचे ठरले, तर आकडा ०.५ च्या आत असतानाच ते अधिक गुणकारी ठरतात. म्हणून सहा-सहा महिने चालढकल करणे रास्त नाही.

दोन बाबतींत तर तारखेची वाट मुळीच पाहू नये. संप्रेरक दाबणारे इंजेक्शन महिन्याने, तीन महिन्यांनी किंवा सहा महिन्यांनी ठरलेले असते. ते लांबले तर दाबलेले संप्रेरक पुन्हा डोके वर काढते. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर ते गावातही घेता येते. दुसरी बाब लक्षणांची. पाठीत नवीन दुखणे सुरू होऊन रात्री वाढू लागले, पायांतील शक्ती कमी झाली, बधिरता आली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर मणक्यातील मज्जारज्जूवर दाब आल्याची शंका घेऊन त्याच दिवशी जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे. लघवी अजिबात अडली किंवा तिच्यातून रक्ताच्या गुठळ्या येऊ लागल्या, तरी तसेच. किरणोपचारानंतर शौचातून रक्त पडले, तर गावातल्या डॉक्टरांना त्या उपचारांविषयी आधी सांगावे. मूळव्याध समजून केलेली छाटणी किंवा काढलेला तुकडा त्या जागी सहजी भरून येत नाही.

रुग्णालयाशी पत्रव्यवहार करताना आपले दुःख विस्ताराने लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. ती येथे उपयोगाची नाही. अमुक नोंदणी क्रमांक, शस्त्रक्रिया अमुक साली, गेल्या तीन तपासण्यांचे आकडे ०.०४, ०.०९, ०.१८, तपासणीच्या तारखा अमुक, भेट दोन महिने पुढे गेली आहे, लवकर यावे काय? एवढ्या चार ओळी पुरतात. अहवालाची प्रत सोबत जोडावी. आठवड्यात उत्तर न आल्यास दूरध्वनी करावा, आणि ज्याच्याशी बोलणे झाले त्याचे नाव वहीत टिपून ठेवावे. हे काम घरातील मुला-सुनेने केले तर उत्तमच. मात्र वडिलांना त्रास नको म्हणून त्यांचाच आकडा त्यांच्यापासून लपवून ठेवण्याची मायेची चूक करू नये. लपवलेला आकडा चेहऱ्यावर दिसतोच.

काळजीपोटी दर पंधरा दिवसांनी रक्त देणारेही असतात. ०.०३ चे ०.०४ झाले म्हणजे अशा माणसाचा महिना खराब जातो, आणि एवढ्या फरकाला बहुधा काहीच अर्थ नसतो. ठरल्या तपासणीखेरीज अधिक तपासणी डॉक्टरांनी सांगितल्यासच करावी. तपासणी भेटीच्या आठ-दहा दिवस आधी केली की अहवालही वेळेत हाती येतो आणि वाट पाहण्याचे दिवसही कमी होतात.

पुढच्या भेटीत मात्र निघण्यापूर्वी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा: ‘तारीख पुन्हा लांबली, तर कोणत्या आकड्याला मी तारखेविना यावे?’ तो आकडा त्यांच्याच अक्षरात केसपेपरवर लिहून घ्यावा आणि त्याची एक प्रत गावातल्या आपल्या डॉक्टरांकडे द्यावी.