विश्लेषण : बालवाडीतला वाढदिवस नेमका कोणासाठी?

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री संदेश येतो, ‘उद्या आमच्या पिल्लूचा बर्थडे. सगळ्यांसाठी छोटंसं रिटर्न गिफ्ट पाठवतोय.’ दुसऱ्या दिवशी पंचवीस मुलांच्या दप्तरांतून पंचवीस रंगीत पिशव्या घरोघर पोहोचतात. आत चॉकलेट, लुकलुकणारी अंगठी, एखादा फुगा. ज्या घरातल्या मुलाचा वाढदिवस पुढच्या आठवड्यात आहे, तिथे त्याच रात्री हिशेब सुरू होतो. गेल्या वेळी कोणी डबा दिला, कोणी पेन्सिलचा सेट दिला, आपण काय द्यायचे?

प्लेग्रुप आणि बालवाड्यांत हे आता नेहमीचे झाले आहे. काही शाळांनी केक आणि भेटवस्तू बंद केल्या, तेव्हा पालकांतूनच नाराजीचा सूर उमटला. ‘एवढासा आनंदही नको का?’ हा त्यांचा सवाल चुकीचा नाही. मात्र ज्याचा वाढदिवस आहे, त्याला त्यातले काय कळते, हे आधी पाहायला हवे.

मुलांना वाढदिवस कसा कळतो?

वय आपोआप वाढते आणि वाढदिवस ही त्याची फक्त नोंद, हे मोठ्यांना माहीत असते. लहान मुलांचा हिशेब उलटा असतो. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॅकलीन वूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना छोट्या गोष्टी सांगून प्रश्न विचारले. एका मुलाच्या वाढदिवसाची पार्टी झालीच नाही आणि दुसऱ्याच्या दोन झाल्या, तर कोण किती वर्षांचा? पार्टी झाली नाही म्हणजे वय वाढलेच नाही, असे बऱ्याच मुलांचे म्हणणे पडले. दोन पार्ट्या झालेला जास्त मोठा झाला, असेही काहींना वाटले. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. इस्रायलमधील संशोधकांनाही २००२ मध्ये असेच काहीसे आढळले होते.

म्हणजे साडेतीन वर्षांच्या मुलीच्या लेखी टाळ्या वाजतात, सगळे तिच्याकडे पाहतात, म्हणून ती चार वर्षांची होते. पिशवीत काय होते, हे तिच्या मैत्रिणी दोन दिवसांत विसरतात.

वर्गात ज्याचा वाढदिवस होतच नाही, त्याचे काय, हा प्रश्न इथे उभा राहतो. मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत जन्मलेली मुले दर वर्षी वगळली जातात. ज्या घराला पंचवीस पिशव्यांचा खर्च झेपत नाही, तिथे त्या दिवशी मुलाला शाळेतच न पाठवण्याची वाट धरली जाते. काही कुटुंबांत श्रद्धेमुळे वाढदिवस करत नाहीत. ‘तू अजून तीनचाच आहेस’ असे शेजारच्या मुलाने म्हटले, तर त्यावर त्या मुलाचा खरोखर विश्वास बसू शकतो.

पिशवीत काय असते?

खर्चापेक्षा गंभीर बाब सुरक्षेची आहे. लुकलुकणाऱ्या अंगठ्या, गाणी वाजवणारी कार्डे, दिवा असलेल्या किल्ल्या यांत बटणासारखा चपटा सेल असतो. तो गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजल्यासारखी जखम होऊ शकते. सेल जुना, ‘संपलेला’ असला तरी धोका टळत नाही. अशा वेळी उलटी करवण्याचा प्रयत्न न करता मुलाला थेट रुग्णालयात न्यायचे असते. फुग्याचे तसेच. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशाला चिकटला की श्वास अडतो. अमेरिकेत फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालील मुलांसाठी इशारा छापणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे मात्र प्लेग्रुपच्या दारावर फुग्यांची कमान हमखास असते.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात नसते. १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी असलेल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या यादीत फुग्यांच्या काड्या, सजावटीचे थर्माकोल, प्लास्टिकच्या ताटल्या, कप आणि काटे-चमचे आहेत. वाढदिवसाचे निम्मे सामान त्या यादीत बसते.

केक नकोच का?

घरी वर्षातून एकदा केक खाल्ल्याने काही बिघडत नाही. वर्गाचे गणित वेगळे असते. पंचवीस मुले म्हणजे महिन्याला दोन-तीन केक, शिवाय चॉकलेटे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, वरून मिसळलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी. चार वर्षांच्या मुलासाठी हे साधारण सात-आठ चमचे होतात. क्रीमचा एक तुकडा आणि दोन चॉकलेटे यांत त्यातला मोठा भाग संपतो. अंडे, शेंगदाणे, दूध यांची ॲलर्जी असलेल्या किंवा घरी अंडे न चालणाऱ्या मुलाला तर इतरांचे खाणे बघत बसावे लागते. म्हणून खाऊ काय पाठवायचा, हे दोन दिवस आधी वर्गाच्या ताईंना विचारणे बरे. अख्खे दाणे आणि टणक गोळ्या या वयाला देऊच नयेत, घशात अडकतात.

मेणबत्तीबद्दलही एक गंमत. अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये मोजले, तेव्हा फुंकर मारल्यावर केकवरच्या आयसिंगमधील जिवाणू सरासरी १,४०० टक्क्यांनी वाढलेले दिसले. घाबरण्यासारखे त्यात फारसे नाही, पण बालवाडीत निम्म्या वर्गाला सर्दी असते. आपल्या औक्षणात निरांजन विझवतच नाहीत, हा आयता फायदा.

मग साजरा कसा करायचा?

माँटेसरी पद्धतीच्या अनेक शाळांत चालणारी रीत साधी आहे. मुले गोल बसतात. मधोमध दिवा, तो सूर्य. वाढदिवस असलेले मूल हातात पृथ्वीचा छोटा गोल घेऊन दिव्याभोवती फिरते. जितकी वर्षे, तितक्या फेऱ्या. प्रत्येक फेरीला ताई त्या वर्षाची गोष्ट सांगतात. पहिल्या वर्षी दात आला, दुसऱ्या वर्षी चालायला लागली, तिसऱ्या वर्षी भाऊ झाला. घरून प्रत्येक वर्षाचा एकेक फोटो मागवलेला असतो. पंधरा मिनिटांत सोहळा आटोपतो आणि वय म्हणजे सूर्याभोवतीची एक फेरी, हेही कानावर पडते.

महिन्यातल्या सगळ्या मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी करण्याचा पर्यायही सोपा आहे. मेमधल्या मुलांना एप्रिलच्या यादीत घेतले की झाले. त्या दिवशी प्रत्येकाचे नाव मात्र वेगवेगळे घेतले जावे, कारण मुलाला हवे असते ते तेवढेच. भेट द्यायचीच असेल, तर वर्गाच्या कपाटासाठी एक चित्रपुस्तक पुरते. सरकारी शाळांत पोषण आहार योजनेतील ‘स्नेहभोजना’चा मार्ग आहे. वाढदिवसासारख्या प्रसंगी कुटुंब साऱ्या मुलांना जेवण किंवा एखादा जास्तीचा पदार्थ देऊ शकते. काही राज्यांत याला ‘तिथी भोजन’ म्हणतात. सरकारी शाळांतील बालवाटिकाही या योजनेत येतात.

आजी-आजोबांनाही या दिवशी वर्गात बोलावता येईल. त्यांच्या पिढीतल्या कित्येकांचा शाळेच्या दाखल्यावरचा वाढदिवस १ जून आहे, कारण खरी तारीख घरात कोणालाच माहीत नसे आणि नाव घालताना गुरुजींनीच ती लिहून टाकली. पार्टीशिवाय, खऱ्या तारखेशिवायही माणूस सत्तर वर्षांचा होतो, हे चार वर्षांच्या मुलांना ऐकून खरे वाटणार नाही. त्यावर ती पुष्कळ प्रश्न विचारतील.