काळा माल, लेझरचा छापा!

कोळसा उगाळावा तितका काळाच! मान्य. पण उगाळायचा कशाला? लेझर मारा, बघा कसा घडाघडा बोलतो!

पाण्याचा फॉर्म्युला एचटूओ. कोळशाचा माहीत आहे का? नसणारच, कारण तो नाहीच! कार्बनची षटकोनी कडी, वर हायड्रोजन, ऑक्सिजन, थोडं गंधक, चिमूटभर नायट्रोजन… कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडाझुडपांची ही मिसळ, अन् प्रत्येक खाणीत तिची चव निराळी.

मग आतली गोष्ट कळते कशी? एन्ट्री घेतात सी. व्ही. रामन! लेझरचा प्रकाश पदार्थावर आदळून विखुरतो, तेव्हा साधारण कोटीत एखादाच प्रकाशकण रंग बदलून येतो. तोच आपला खबऱ्या! कोळशावरून विखुरलेल्या अशा प्रकाशाच्या आलेखावर मग दोन शिखरं उठतात. ‘जी’ म्हणजे ग्राफाइटसारखी शिस्त, ‘डी’ म्हणजे डिसऑर्डर, शुद्ध गोंधळ. जमिनीखालच्या उष्णतेत, दाबात कोळसा जितका मुरतो, तितकं ‘जी’ सडपातळ. मुरूनही कंबर बारीक! जळायला होतं ना?

गंमत म्हणजे 1928 मध्ये रामन यांनी हा परिणाम शोधला, तेव्हा लेझर नव्हताच! पहिला लेझर चमकला 1960 मध्ये, तोही माणकातून.

आणि हे माहीत आहे का? सरकारी हिशेबखात्यात असताना रामन काही काळ नागपुरात होते. आज तिथेच वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय आहे. योगायोगच, पण कसला खणखणीत!

कोळशातल्या सूक्ष्म घटकांना म्हणतात ‘मॅसरल’. लेझर सूक्ष्मदर्शकातून एकेकावर नेम धरतो. हे नाव 1935 मध्ये दिलं कुणी? संततिनियमनाच्या चळवळीत गाजलेल्या मेरी स्टोप्स यांनी! बाई मुळात जीवाश्म वनस्पतींच्या अभ्यासक.

मात्र सांभाळून! पॉवर वाढवली की काळा नमुना तापून बदलतो. मुलाखतीआधी पाहुणाच शेकला!

‘लिब्ज’ ही दुसरी पद्धत मात्र मुद्दाम भाजते. लेझरचा क्षणिक फटका, इवलासा प्लाझ्मा, हजारो अंश तापमान. त्याच्या उजेडात कार्बन, सिलिकॉन, लोह सगळ्यांची हजेरी लागते, आणि राख किती उरेल याचा अंदाज भट्टी न पेटवताच!

लेझरच्या खोड्या तरी किती! 1985 मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात ग्राफाइटवर तो मारला, तर 60 कार्बन अणूंचा चक्क फुटबॉल निघाला. 1996 चं नोबेल खिशात! पुढे कोळशापासूनही असे फुटबॉल बनले.

आणि लिब्ज? ते तर मंगळावर पोचलंय! क्युरिऑसिटी रोव्हर 2012 पासून सात मीटरपर्यंतच्या दगडांवर असाच लेझर झाडतो. कोळसा मात्र तिथे सापडलेला नाही. त्यासाठी आधी झाडं हवीत, राव!