नटांचा संघ : उगम आणि प्रयोजन

वऱ्हाडांत कारंजाच्या कापूसबाजाराला १८८६ सालीं नियम लागू झाले आणि १८९७ सालीं येथील कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. त्यामागें विलायतेच्या गिरण्यांना चांगला माल मिळावा हा हेतु होता खरा. परंतु एकटा शेतकरी गाडी घेऊन व्यापाऱ्यापुढें उभा राहिला तर भाव व्यापारीच ठरवितो, आणि व्यवहाराला नियम असेल तरच विकणाऱ्याचा टिकाव लागतो, हा धडा अकोल्या-अमरावतीच्या लोकांना तेव्हांपासून पाठ आहे. सिनेमांतील नटांनीं संघ कां काढले, हें समजण्यास हाच दाखला उपयोगी पडतो.

दोहोंत भेद आहे तो एवढाच. भाव पडला तर कापूस चार दिवस घरीं ठेवतां येतो. नटाचा माल म्हणजे त्याचा दिवस, त्याचा आवाज आणि त्याचा चेहरा. रिकामा गेलेला दिवस कोठारांत सांठवितां येत नाहीं. शिवाय त्याच कामासाठीं दारापाशीं दहा जण तिष्ठत असतात. अशा स्थितींत मिळेल त्या अटीवर सही करण्याचा मोह कोणाला होणार नाहीं?

वीर वामनराव जोशी यांच्यासारखा नाटककार ज्या अमरावतीनें महाराष्ट्राला दिला, तिला नाटक मंडळ्यांचा संसार अपरिचित नव्हता. तेथेंही नटाचे हाल होत; पण मालक डोळ्यांपुढें असे आणि रुसवाफुगवा समोरासमोर मिटे. बोलपटांच्या काळांत स्टुडिओ, मासिक पगार आणि छापील करार आले, आणि हा संबंध कागदाचा झाला. 'कुंकू' या १९३७ सालच्या चित्रपटानें घरोघरीं पोंचलेल्या शांता आपटे यांनीं वेतनाच्या व कराराच्या वादावरून जुलै १९३९ मध्यें पुण्यास प्रभात कंपनीच्या फाटकापाशीं उपोषण आरंभिलें. पुढच्याच वर्षीं त्यांनीं 'जाऊं मी सिनेमांत?' हें पुस्तक लिहून या धंद्याचें अंतरंग लोकांपुढें मांडलें. एवढ्या नामांकित नटीलाही आपलें म्हणणें मांडण्यासाठीं एकटीनें अन्न सोडावें लागलें. मग ज्यांचीं नांवेंही पडद्यावर येत नाहींत, त्यांनीं कोणत्या बळावर बोलावें?

अमेरिकेंत या प्रश्नाचें उत्तर थोडें आधीं शोधलें गेलें होतें. १९३३ सालीं मंदीचें निमित्त सांगून हॉलिवुडच्या कंपन्यांनीं आठ आठवड्यांपुरती पगारांत निम्म्यापर्यंत कपात केली. त्याच वर्षीं नटांनीं आपला 'स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड' हा संघ स्थापिला. कंपन्यांनीं त्याच्याशीं करार केला तो मात्र १९३७ सालीं, आणि तोही नटांनीं संपाची तयारी दाखविल्यावर. १९६० च्या संपानें नटांना निवृत्तिवेतन व आजारपण यांची तरतूद मिळवून दिली. २०२३ सालीं त्याच परंपरेंतील संघ ११८ दिवस संपावर राहिला. त्या वेळीं एक प्रश्न असा होता कीं, यंत्राच्या साह्यानें नटाची हुबेहूब प्रतिमा तयार केली तर तिचा मोबदला कोणाचा व संमति कोणाची?

आपल्या देशांत १९२६ च्या कायद्यानें कामगार संघांना नोंदणीचा मार्ग मोकळा करून दिला. मुंबईच्या चित्रपटधंद्यांतील निरनिराळ्या कारागिरांच्या संघटनांचा महासंघ १९५६ सालीं उभा राहिला. ऑक्टोबर २००८ मध्यें त्यानें पुकारलेल्या संपामुळें चित्रीकरणें बंद पडलीं. नटांसाठीं सिने आणि टीव्ही कलाकारांची संघटना मुंबईंत काम करते. १९८१ सालीं संसदेनें चित्रपट-कामगारांसाठीं कायदा करून लेखी करार आवश्यक ठरविला, आणि २०२० सालच्या श्रमसंहितेंतही तें तत्त्व कायम राहिलें.

संघाचें प्रयोजन थोडक्यांत असें : करार लेखी असावा, मोबदला वेळेवर मिळावा, कामाच्या तासांना मर्यादा असावी, अपघात झाल्यास नट वाऱ्यावर पडूं नये, आणि तंटा झाल्यास त्याच्या बाजूनें कोणीतरी बोलावें. नामांकित नटाला याची गरज कमी, हें खरें. परंतु त्याच्या गैरहजेरीनेंच चित्रीकरण थांबतें, म्हणून लहानांच्या संघाला त्याचें बळ लागतें. उलट संघानेंही आपलें दार नवख्याला बंद करूं नये. तसें झाल्यास एका मालकाच्या जागीं दुसरा मालक आला, एवढेंच होईल.

चित्रपटव्यापाराच्या नकाशांत विदर्भाला अजूनही 'सी. पी. बेरार' हें जुनेंच नांव आहे, आणि अमरावती ही वितरणाची मोठी पेठ होती. येथून चित्रपटाला पैसा जातो, तसे हौशी मुलगे-मुलीही जातात. त्यांना निरोप देतांना घरच्यांनीं यशाचा आशीर्वाद अवश्य द्यावा. पण सही करण्यापूर्वीं करार वाचावा आणि आपल्या संघाचा पत्ता जवळ ठेवावा, हेंही सांगावें. बाजारांत गाडी नेण्यापूर्वीं भाव विचारणें ही वऱ्हाडची जुनीच रीत आहे.